कांदोळीचा धर्मगुरू आणि लिस्बनची राणी

किहीमच्या किनाऱ्याजवळ, सुरूच्या झाडांमागे, आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचे लहानसे कौलारू घर आहे. पावसाळा संपला की फादरांनी चार दिवस विश्रांतीला तेथे यावे असा त्यांचा दरवर्षीचा आग्रह असतो आणि आम्हीही फारसे आढेवेढे न घेता तो मान्य करतो. यंदा आम्ही पोहोचलो तेव्हा घरातील थोरली मुलगी ओहोटीच्या ओल्या वाळूतून अनवाणी चालत होती. आठ वर्षांपूर्वी ह्याच मुलीला दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून खुर्चीत बसवावे लागत असे.

त्या वेळी ती बावीस वर्षांची होती. कारणावाचून धडधड, रात्र रात्र झोप नाही, कसलीशी अनामिक भीती, आणि मधूनच पोटात असह्य कळ. डॉक्टरांनी पोट तपासले, त्यात काही सापडेना. दुसऱ्या डॉक्टरांनी तिचे नुकतेच मोडलेले लग्न ध्यानात घेऊन हे मनाचे दुखणे ठरवले. मग कुटुंब आमच्याकडे आले. आम्ही तिचे शांतपणे ऐकले, प्रायश्चित्त संस्कार दिला, नोव्हेना करावयास सांगितली. उपवासकाळ सुरू होत होता, तेव्हा मन एकाग्र व्हावे म्हणून बुधवार-शुक्रवारी कडक उपास धरण्याचाही सल्ला आम्ही दिला. तिने तो निष्ठेने पाळला. तिसऱ्या आठवड्यात कळा दुप्पट झाल्या, तिला भास होऊ लागले आणि झावळ्यांच्या रविवारी तिचे पाय चालेनासे झाले.

इस्पितळात रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टराने तिच्या लघवीची बाटली खिडकीत ठेवलेली पाहिली. उन्हात राहून तिचा रंग जांभळट तांबडा झाला होता. त्या रंगावरून पुढच्या तपासण्या झाल्या आणि रोगाचे नाव मिळाले : पोर्फिरिया, त्यातही तीव्र स्वरूपाचा, झटक्याझटक्यांनी येणारा. लाखात एखाद्यालाही क्वचितच होणारा हा विकार रक्तातील एका द्रव्याच्या घडणीतल्या दोषातून उद्भवतो आणि मज्जासंस्थेवर आघात करतो. उपचाराची पहिली पायरी म्हणून शिरेतून ग्लुकोज देण्यात आले. म्हणजे आम्ही जे बंद केले होते तेच.

ह्या खेपेला संध्याकाळी ओसरीवर चहा घेताना तिच्या आईने विचारले, "फादर, एवढी शिकलेली माणसे आपण सारी. पोरीचे दुखणे आपल्याला कसे कळले नाही?" प्रश्नात ठपका नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला.

ह्याच किहीममध्ये १९३० साली सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. आपल्या भाषेने ह्या पाखराला गृहकृत्यदक्ष बाईचे नाव दिले. खोपा पाहिला, कौशल्य पाहिले, आणि हे काम गृहिणीचेच असणार असे आपण ठरवून टाकले. सलीम अलींनी दिवसच्या दिवस बसून पाहिले तेव्हा विणकाम नराचे असल्याचे दिसले. मादी येते ती अर्धवट विणलेला खोपा पारखायला. पाहण्याआधी नाव ठेवण्याची घाई पाखरांच्या बाबतीत निरुपद्रवी असते. माणसांच्या बाबतीत तिचा इतिहास मोठा आहे, आणि त्यातील एक प्रकरण आपल्या शेजारच्या गोव्यातून सुरू होते.

जुझे कुस्तोदियु फारिया, ज्यांना जग आबे फारिया म्हणून ओळखते, यांचा जन्म १७५६ च्या मे महिन्यात बारदेशातील कांदोळी येथे झाला. वडील काएतान व्हितोरिनु कोलवाळचे, आई रोजा मारिया कांदोळीची. उभयतांचे पटले नाही. परस्परसंमतीने ते विभक्त झाले. वडिलांनी अर्धवट सोडलेले धर्मशिक्षण पुन्हा हाती घेऊन गुरुदीक्षा घेतली, आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात व्रतस्थ झाली. मुलाला घेऊन वडील १७७१ साली जहाजाने लिस्बनला गेले व तेथून पुढे रोमला. रोममधील प्रोपागांदा फीदेच्या विद्यालयात मुलगा शिकला, १७८० मध्ये धर्मगुरू झाला, आणि त्याच वर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला सिस्टाइन चॅपेलमध्ये सहावे पायस यांच्यासमोर त्याने प्रवचन केले. कांदोळीच्या मुलाने केवढी झेप घेतली होती ती!

त्यानंतरची कथा गोव्याने तोंडातोंडी जपली आहे. लिस्बनला परतल्यावर तरुण फारियांना केलुशच्या राजवाड्यातील चॅपेलात राणीसमोर प्रवचनासाठी बोलावण्यात आले. ते व्यासपीठावर चढले, समोर राणी, दरबारी, हिरेमाणके, सारे नेत्र आपल्यावर रोखलेले. जीभ टाळ्याला चिकटली. पाठ केलेले लॅटिन आणि पोर्तुगीज, सारे विझले. व्यासपीठापाशी बसलेल्या वडिलांनी ते ओळखले आणि इतर कोणाला कळणार नाही अशा आपल्या कोंकणीत पुटपुटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" समोर बसलेले हे सगळे पालापाचोळा आहेत, काप खुशाल. त्याबरोबर बंध सुटला आणि प्रवचन ओघवते झाले. सेमिनरीत असताना पहिल्या प्रवचनाच्या आदल्या रात्री आम्हांलाही ही गोष्ट एका वडीलधाऱ्या धर्मगुरूंनी सांगितली होती. तिचा आम्हांला फारसा उपयोग झाला नाही, हे कबूल केले पाहिजे. आमच्या समोर भाजी नव्हती, आमचे मामा-मावश्या बसल्या होत्या.

कथेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. फारियांच्या जिभेला कोणताही रोग नव्हता. स्नायू शाबूत, नसा शाबूत, बुद्धी तीव्र. तरी ती हलेना. भयाने शरीराचा एक अवयव काही क्षण लुळा केला, आणि विश्वासाच्या माणसाच्या चार शब्दांनी तो मोकळा झाला. पुढे आयुष्यभर फारियांनी ज्या शक्तीचा शोध घेतला ती हीच.

आता व्यासपीठासमोर बसलेल्या राणीकडे वळू. पहिल्या मारिया १७७७ मध्ये गादीवर आल्या. स्वभावाने सौम्य आणि श्रद्धाळू. पुत्र झाला तर मंदिर उभारीन असा त्यांनी नवस केला होता. तो फेडण्यासाठी लिस्बनमध्ये येशूच्या अतिपवित्र हृदयाला वाहिलेली एश्त्रेलाची भव्य बासिलिका त्यांनी १७७९ पासून बांधली. ती १७९० मध्ये पुरी झाली. पण ज्याच्यासाठी नवस केला तो राजपुत्र जुझे १७८८ च्या सप्टेंबरात देवीच्या साथीत मरण पावला होता. त्याआधी १७८६ मध्ये पती गेले. १७८८ च्याच नोव्हेंबरात स्पेनमध्ये दिलेली मुलगीही देवीनेच गेली आणि त्याच महिन्यात ज्यांच्या समजुतीच्या शब्दांवर राणी विसंबून असे ते वृद्ध, विनोदी, प्रेमळ पापनिवेदक इनासियु द साँव काएतानु यांचेही निधन झाले.

राणीला भयाने घेरले. आपला आत्मा तारला जाणार नाही, आपले पिता नरकाग्नीत जळत आहेत, असे तिला वाटू लागले. पित्याच्या कारकिर्दीत, १७५९ मध्ये, ताव्होरा घराण्याला झालेल्या क्रूर देहान्त शिक्षांचे ओझे तिच्या मनावर होतेच. नवे पापनिवेदक कठोर वृत्तीचे होते आणि त्यांनी हे भय शमवण्याऐवजी वाढवले, असा ठपका अनेक इतिहासकारांनी ठेवला आहे. हे वाक्य आम्ही वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो.

१७९२ च्या फेब्रुवारीत राणी राज्यकारभारास असमर्थ ठरली व पुत्र जुआँव यांनी सूत्रे हाती घेतली. इंग्लंडहून फ्रान्सिस विलिस यांना पाचारण करण्यात आले. हे गृहस्थ अँग्लिकन धर्मोपदेशकही होते आणि वैद्यही. चार वर्षांपूर्वी तिसऱ्या जॉर्ज राजाचा उन्माद त्यांनी बरा केल्याचा बोलबाला होता. बंड्या घालून हातपाय जखडणे आणि कातडीवर फोड उठवणे हे त्यांच्या चिकित्सेतील प्रमुख उपाय. राणीला त्यांचा गुण आला नाही. केलुशच्या महालातून येणाऱ्या तिच्या किंकाळ्या एका इंग्रज प्रवाशाने ऐकल्या व लिहून ठेवल्या. १८०७ च्या अखेरीस नेपोलियनची फौज येत असता दरबार ब्राझीलला पळाला आणि १८१६ मध्ये रिओ द जानेरो येथे तिचा अंत झाला. पोर्तुगालने तिला 'भक्तिमान' ही उपाधी दिली, ब्राझीलने 'वेडी'. एकाच बाईची ही दोन नावे, आणि दोन्ही बाहेरून दिलेली.

इकडे फारिया १७८८ मध्येच पॅरिसला गेले होते. आदल्या वर्षी गोव्यात पिंटोंचा कट उघडकीस आला होता व कटातील धर्मगुरूंशी ह्या पितापुत्रांचे संबंध असल्याचा संशय लिस्बनमध्ये घेतला जात होता. फ्रान्समधील त्यांच्या राजकीय उलाढालींची हकीकत रंजक आहे. ती येथे बाजूला ठेवू. १८११ मध्ये मार्सेय येथे तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी केल्यावर १८१३ पासून त्यांनी पॅरिसमध्ये 'प्रसन्न निद्रे'चे जाहीर प्रयोग सुरू केले.

त्या काळी मेस्मरच्या मताचा पगडा होता. वैद्याच्या देहातून एक चुंबकीय द्रव निघून रोग्याच्या देहात शिरतो आणि त्याला निद्रा आणतो, असे मेस्मरपंथीय मानत. फारियांनी हे साफ नाकारले. द्रव नाही, चुंबक नाही आणि झोपवणाऱ्याच्या अंगी काही सिद्धीही नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्या ठायी, त्याच्या चित्ताच्या एकाग्रतेतून घडते. ते माणसाला आरामखुर्चीत बसवीत, डोळे मिटून झोपेवर मन लावण्यास सांगत आणि करड्या आवाजात एकच आज्ञा करीत, "झोपा!" निद्रित माणसाचा हात ते शब्दाने लुळा करीत व शब्दाने मोकळा करीत, साध्या पाण्याला त्याच्या जिभेवर दुसरीच चव आणीत. केलुशच्या चॅपेलात वडिलांनी जे नकळत केले तेच आता मुलगा जाणूनबुजून करीत होता, असे आम्हांला नेहमी वाटते. फारियांनी स्वतः तसे कोठे म्हटले म्हणून नव्हे.

लोकांनी त्यांना नीट जगू दिले नाही. काही धर्मपंडितांना त्यात सैतानाचा हात दिसला, मेस्मरपंथीयांना हा घरभेदी वाटला, आणि १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टवाळी करणारे प्रहसन आले. १८१९ मध्ये त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला व त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते वारले. माँमार्त्रमधील त्यांच्या थडग्यावर नावही उरले नाही. पुढे अलेक्झांद्र द्युमा यांनी आपल्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' ह्या कादंबरीत त्यांचे नाव एका बंदिवान धर्मगुरूला दिले. गंमत अशी की ह्या कल्पित फारियाला द्युमांनी पिढीजात मज्जाविकार जडवला. त्याचे तीन झटके येतात, दुसऱ्यात एक बाजू लुळी पडते आणि तिसऱ्यात मरण. खऱ्या फारियांनी आयुष्यभर शब्दाने येणाऱ्या लुळेपणाचा अभ्यास केला. कादंबरीतला फारिया शब्दाने न हटणाऱ्या लुळेपणाने मेला. कादंबरीकाराला हे सुचले कसे, कोण जाणे.

फारियांना न्याय मिळाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. फ्रान्समधील नान्सी येथील बेर्नहाइम यांनी सूचनेच्या शक्तीचे तत्त्व प्रथम मांडल्याचे श्रेय ह्या गोवेकर धर्मगुरूला दिले. डॉ. दालगादो यांनी १९०६ मध्ये त्यांचे चरित्र फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केले. पोर्तुगालचे मज्जाविकारतज्ज्ञ एगाश मोनिज यांनी १९२५ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. पणजीतील त्यांचा पुतळा, निद्रित स्त्रीपुढे हात पसरून उभा असलेला, रामचंद्र पांडुरंग कामत यांच्या हातचा आहे. येथे मोनिज यांच्याविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. शब्दाने मन मोकळे करणाऱ्या धर्मगुरूची ज्यांनी एवढी वाखाणणी केली, त्यांनीच दहा वर्षांनी, १९३५ मध्ये, चिंतेने व उदासीनतेने ग्रासलेल्या रुग्णांच्या मेंदूतील तंतू कापण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. १९४९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते तिच्यासाठी. आज ती शस्त्रक्रिया वैद्यकाने टाकून दिली आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की भय हे मनाचेच, त्याला शब्द हेच औषध. आमचीही समजूत बहुधा तशीच होती. पोर्फिरियाचा इतिहास नेमका ह्या समजुतीला छेद देतो.

आपल्या रक्ताला लाली देणारे हीम नावाचे द्रव्य शरीरात आठ पायऱ्यांनी तयार होते. प्रत्येक पायरीवर एक विकर काम करते. आमच्या धर्मग्रामकन्येला झालेल्या प्रकारात तिसऱ्या पायरीवरचे विकर निम्मेच असते. एरवी तेवढ्यावर भागते. दोष असलेल्या बहुतेकांना जन्मभर काही होतही नाही. पण पोट उपाशी राहिले, काही विशिष्ट औषधे पोटात गेली, मद्य घेतले, ताप आला किंवा स्त्रियांच्या मासिक चक्रात विशेष बदल झाले की यकृत पहिली पायरी जोराने चालवू लागते. तिसरी पायरी अरुंद. मध्येच कच्चा माल साचतो आणि मज्जातंतूंना बाधतो. मग पोटात कळ, नाडी जलद, निद्रानाश, भास, आणि वेळीच उपाय न झाल्यास हातपाय व श्वासाचे स्नायूही लुळे. ह्या साऱ्याच्या बरोबरीने, कित्येकदा साऱ्याच्या आधी, येते ती चिंता. ही चिंता रोगाची वार्ता कळल्यामुळे वाटणारी चिंता नव्हे. ती रोगाचाच भाग असते, तापात अंग कसे तापते तशी.

१८८९ मध्ये हॉलंडचे स्टॉक्व्हिस यांनी एका वृद्धेची हकीकत नोंदवली. झोप यावी म्हणून तिला सल्फोनाल हे त्या काळचे नवे औषध दिले होते. तिची लघवी गडद तांबडी झाली आणि ती दगावली. पुढे बार्बिट्युरेट जातीची निद्रा आणणारी औषधे घरोघर पोहोचली तेव्हा हाच प्रकार वारंवार घडला. अस्वस्थ, तळमळणाऱ्या, किंचाळणाऱ्या रोग्याला शांत करावे म्हणून दिलेली गोळीच त्याला लुळा करी. दक्षिण आफ्रिकेत ह्या रोगाचा एक निराळा प्रकार शेकडो कुटुंबांत आढळला. जेफ्री डीन नावाच्या डॉक्टरांनी वंशावळी धुंडाळून त्याचे मूळ १६८८ मध्ये केप येथे लग्न झालेल्या एका डच जोडप्यापर्यंत नेऊन पोहोचवले. चर्चच्या बाप्तिस्मा व लग्नाच्या वह्या अशा कामी पडतात हे वाचून आम्हांला आमच्या कार्यालयातील वाळवी लागलेल्या वह्यांची लाज वाटली. त्या आता पत्र्याच्या कपाटात हलवल्या आहेत. स्वीडनमध्ये वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९३७ मध्ये शंभराहून अधिक रुग्णांचे वर्णन केले, आणि त्यानंतर डॉक्टरांना हा रोग ओळखण्याची खूण हाती आली.

१९६६ मध्ये लंडनमधील माकाल्पाइन आणि हंटर ह्या मायलेकांनी, दोघेही मनोविकारतज्ज्ञ, तिसऱ्या जॉर्जचा उन्माद म्हणजे पोर्फिरियाच होता असा दावा केला. एकच वैद्य दोघांच्या उशाशी बसल्यामुळे म्हणा, राणी मारियाच्या बाबतीतही काहींनी तीच शंका घेतली. पुढच्या संशोधकांनी जॉर्ज राजाविषयीचे ते निदान बहुतांशी फेटाळले आहे, आणि मारियाविषयी तर तीव्र औदासीन्याचा विकार हेच मत आम्हांला अधिक पटते. घरातील चार माणसे अडीच वर्षांत गेल्यावर रक्तातील दोष शोधण्याची गरज काय? पण निदान कोणतेही धरा, तिला नरकाचे वर्णन ऐकवून उपयोग नव्हता. तिचे भय पापाच्या जाणिवेतून आलेले नव्हते. आजारानेच पापाची भाषा उसनी घेतली होती. त्या श्रद्धाळू बाईला दुसरी भाषा येतच नव्हती.

आमच्या समोर बसून रडणाऱ्या मुलीचेही तसेच झाले होते. तिला अवेळी मरणाची भीती वाटे. ती आमच्या घरची श्रद्धाळू मुलगी. तिने त्या भीतीला अपराधाचे नाव दिले. आम्ही ते नाव स्वीकारले, कारण ते आमच्या ओळखीचे होते. तिच्या डॉक्टरांनी मोडलेल्या लग्नाचे नाव स्वीकारले, कारण तेही डोळ्यांसमोर होते. पोटातील कळ मात्र कोणाच्याच नावात बसत नव्हती, आणि तिच्याकडे आम्ही सर्वांनी काणाडोळा केला.

म्हणून फारियांचे सारे खोटे ठरते असे नव्हे. भयाने खरोखरच हातपाय लुळे पडतात, वाचा बसते, झटके येतात. पूर्वी त्याला उन्माद म्हणत व रोग्याला ढोंगी समजत. आज डॉक्टर तो मज्जासंस्थेच्या कार्यातील बिघाड मानतात, ढोंग मानत नाहीत, आणि धीर देणारा शब्द व व्यायाम ह्यांनी त्यांतील कित्येक रुग्ण सुधारतातही. अशीही माणसे आमच्याकडे येतात. 'कातर रे भाजी' म्हणून ज्याचा बंध सुटतो तो कोण, आणि ज्याच्या रक्तातच अडथळा आहे तो कोण, हे पापनिवेदनाच्या जाळीआडून ओळखता येत नाही. त्या घटनेपासून आम्ही एक नेम केला आहे. भीतीने खंगलेला कोणी आला की आधी विचारतो : झोप किती? जेवण काय? कोठे दुखते? लघवीचा रंग पाहिलात का? एका आजीबाईंना ह्या शेवटच्या प्रश्नाचा इतका संकोच वाटला की पुढच्या शनिवारी त्या दुसऱ्या फादरांच्या रांगेत उभ्या राहिल्या.

आईच्या प्रश्नाला त्या संध्याकाळी आम्ही एवढे लांब उत्तर दिले नाही. आम्ही म्हणालो, "बाई, डॉक्टरांचे मी काय सांगू? माझ्यापुरते सांगतो. मी ऐकले, पाहिले नाही." तिने मान हलवली आणि चहाचे कप उचलले.

मुलगी आता एका शाळेत शिकवते. पर्समध्ये तिला न चालणाऱ्या औषधांची यादी असते, तिची एक प्रत तिने आमच्याकडेही देऊन ठेवली आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे ह्या दिवशीही तिने वेळेवर जेवावे असे आम्ही तिला बजावले आहे. आजाऱ्यांना उपास बंधनकारक नाही, हे मंडळीचे म्हणणे मूळचेच आहे, आम्हीच ते सांगायला विसरलो होतो. पहिल्या वर्षी तिला ते फार अवघड गेले. सगळे घर उपाशी असताना आपण एकटीने पेज प्यायची कशी, म्हणून ती ताटावर बसून रडली होती.

रोग वडिलांकडून आला. तपासणीत त्यांच्या ठायी तोच दोष निघाला; साठी उलटली तरी त्यांना कधी काही झालेले नाही. धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा आहे. त्याच्याही रक्तात हा दोष असण्याची शक्यता निम्मी. त्याने अजून तपासून घेतलेले नाही. मला काही होत नाही, मग कशाला, असे तो म्हणतो. परत निघताना मांडव्याच्या धक्क्यापर्यंत तोच आम्हांला सोडायला आला होता. लाँच सुटायला वीस मिनिटे होती. आम्ही सामान खाली ठेवले आणि त्याला शेजारी बसवून घेतले.